वाचून न दाखवलेला मजकूर

बाबा,

तुम्हाला छापील इंग्रजी वाचता येत होतं, हातानं लिहिलेलं येत नव्हतं. इंग्रजी बायबलातला अध्याय तुम्ही ओळीवर बोट ठेवून, सावकाश, पण न अडखळता वाचायचात. साहेबांचं पत्र आलं की मात्र ते न फोडता माझ्याकडे द्यायचात. त्यांचं अक्षर तिरपं होतं, एकात एक गुंतलेलं. एकदा तुम्ही तो कागद उजेडात धरून म्हणालात, "वाळवीनं काढल्यावानी हाय. तूच सांग काय म्हणतेत." हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे होऊ शकलं. तुमचं मराठी माझ्या हातून तिकडे जायचं आणि साहेबांचं इंग्रजी माझ्या तोंडून तुमच्याकडे यायचं. मध्ये मी काय करते, हे पाहायला कुणी नव्हतं.

आज मी तुमच्या शेवटच्या वयापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. गुडघे तुमच्यासारखेच गेले आहेत. साहेब आता मला तुमच्याइतकेच लांबचे वाटतात, पण लहानपणी ते रोज दिसायचे. जालन्याच्या मिशनच्या बंगल्यात अकरा वर्षं राहिले. मराठी आपल्यासारखंच बोलायचे, फक्त 'ळ' म्हणताना थोडे थांबायचे. बंगल्याच्या ओसरीवर एक बाक होता आणि त्यावर तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसून चहा प्यायचात. त्यांच्यानंतर आलेल्या साहेबांनी तो बाक उचलला नाही, पण तुम्हाला त्यावर बस असंही कधी म्हटलं नाही. तुम्ही पायरीखाली उभं राहून बोलायचात आणि घरी येऊन पाठ चुलीकडे करून बसायचात. नव्या साहेबांबद्दल तुम्ही वाईट कधी बोलला नाहीत. "ते बी चांगले हायेत, कामाचे हायेत," एवढं म्हणायचात.

जुन्या साहेबांची मडम आजारी पडली म्हणून ते परत गेले. तिकडे एका लहान गावात, समुद्राजवळ, त्यांना चर्च मिळालं. जाताना स्टेशनावर त्यांनी तुमच्याकडून, मंडळीचा पाळक म्हणून, एक वचन घेतलं. आपल्या मंडळीत महारवाड्यातून आलेली माणसं होती आणि मांगवाड्यातून आलेली होती. बाप्तिस्मा घेतल्यावर सगळे एकाच बापाची लेकरं झालो असं आपण गात होतो, पण पाणी वेगवेगळ्या घागरींचंच पीत होतो. साहेबांनी प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी एकच पेला ठेवला आणि अकरा वर्षं तो स्वतःच्या हातानं सगळ्यांपर्यंत नेला. ते म्हणाले, "माझी माणसं अजून एका पेल्यातून पितात, एवढं मला प्रत्येक पत्रात कळवा. बाकी काही नसलं तरी चालेल." तुम्ही हो म्हणालात. गाडी सुटल्यावर तुम्ही फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलात आणि मी तुमच्या मागे.

साहेबांना देवनागरी वाचता येत होतं. तरी पत्र इंग्रजीत हवं होतं, कारण तिथल्या उपासनेत ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या उत्तराच्या शेवटी दोन ओळी मराठीत असायच्या. मग एक ओळ. मग त्याही गेल्या. सुरुवातीची पत्रं शाळेच्या मोठ्या बाईंनी लिहून दिली आणि मी पंधरा वर्षांची झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आणि सोमवारी सकाळी पत्र. आई गेल्यानंतर तुम्ही पुढच्या खोलीत फारसे बसत नव्हतात. स्वयंपाकघरात पूर्वेचा दरवाजा होता, तिथे उंबऱ्याजवळ पाट घेऊन बसायचात. मी भाकरी आटोपून हात धुऊन दौत घेऊन यायची. तुम्ही उपदेश केल्यासारखं सांगता आहात. विहिरीला पाणी आलं. कुंभार पिंपळगावला तीन बाप्तिस्मे झाले. छपरावरची कौलं माकडांनी फोडली. मी लिहिते आहे. आणि शेवटी, दर वेळी, तुम्ही घसा साफ करून म्हणता, "आन् आम्ही सगळे एकाच पेल्यातून पितो, असं टाक." मी टाकते.

साहेब उत्तरात लिहायचे की त्यांची मंडळी त्या वाक्याची वाट पाहत बसते. म्हाताऱ्या बायका ते ऐकून मान हलवतात. हे मी तुम्हाला वाचून दाखवलं की तुम्ही पुन्हा वाचायला सांगायचात.

पेला एकच होता, हे खरं होतं. चर्चमधली माणसं बसायची कशी, ते मात्र पत्रात नसायचं. साहेब गेल्यावर वर्षभरात आपली महारवाड्यातली माणसं पुढे सरकली आणि मांगवाड्यातली मागे गेली. तुम्ही कुणाला मागे बसा म्हणाला नाहीत. तुम्ही फक्त पेला पुढून सुरू करायचात. शेवटच्या आपल्या माणसानं घोट घेतला की मंडळीचे कारभारी, म्हणजे वडीलजन, काठ पुसायचे आणि मग पेला मागे जायचा. मागून तो पुढे कधी आला नाही. शनिवारी मनुका भिजत घालून, उकळून, फडक्यातून रस गाळायचं काम माझं होतं आणि रविवारी रिकामा पेला धुवायचं कामही माझंच. तळाशी राहिलेल्या गाळावरून मला कळायचं, शेवटी किती जणांच्या वाट्याला काय आलं असेल.

मिशनच्या दवाखान्यातली दाई तुम्हाला आठवते, विसरणार नाही तुम्ही. मांगवाड्यातली, तोंडानं फटकळ. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. एका रविवारी मी पेला धूत असताना ती हौदापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या पुढच्या दोन रांगांत एक बी डोकं असं न्हाई, ज्याला पयला हात माझा लागला न्हाई. तुम्हाला बी मीच वढून काढलंय. तव्हा कुनी म्हनलं न्हाई, हिला मागं बसवा म्हनून."

मी हसले, कारण ती हसत होती. मग ती हसायची थांबली आणि मला थांबता येईना, इतकी मी ओशाळले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वाक्य सांगितलंत तेव्हा मी हात थांबवला. विचारलं, "हे खरं आहे का, बाबा?"

"खोटं काय त्यात? पेले दोन हायेत का?"

"क्रम आहे ना."

"क्रम कशाला बी असतोच. पंगतीला न्हाई का?" मग तुमचा आवाज बदलला. "पाळक मी हाय का तू? मी आज पेला मागून सुरू केला तर उद्या अर्धं चर्च रिकामं. मंग काय कळवू त्यायला, रिकाम्या बाकड्यावर सगळे एका पेल्यातून पितेत?"

तुमचं बोलणं अगदीच चूक नव्हतं. आता इतक्या वर्षांनी ते मला तेव्हापेक्षा जास्त कळतं. पण मी एकोणीस वर्षांची होते. मी वाक्य लिहिलं आणि त्याच्या खाली, तुमच्या सहीच्या वर, आणखी एक वाक्य लिहिलं. मांगवाड्यातून आलेले लोक शेवटी पितात. इंग्रजीत ते अगदी छोटं दिसत होतं. तुम्ही सराव केलेली इंग्रजी सही नेहमीसारखी जपून केलीत, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलंत आणि पत्र घेऊन पूल ओलांडून नवीन जालन्याला गेलात. निजामाच्या टपालातून ते पत्र गेलं नसतं, इंग्रजी पोस्टात जावं लागायचं. जाताना तुम्ही टोपी झटकलीत. साहेबांना भेटायलाच निघाल्यासारखे तुम्ही जायचात.

उत्तर आलं तेव्हा तुम्ही तुरी निवडत होतात. मी फोडलं. चार पानं होती. पहिल्या दोन पानांत मडमेची तब्येत, बर्फ, चर्चच्या घंटेला गेलेला तडा. तिसऱ्या पानावर साहेबांनी लिहिलं होतं की तुमच्या सहीवरचं ते वाक्य त्यांनी उपासनेत वाचलं नाही. वाचता वाचता थांबले आणि लोकांना सांगितलं, पत्र इथे संपलं. इतकी वर्षं आपण या लोकांना काय सांगत आलो, हे त्यांना कळेना. हा क्रम कुणी लावला? तुम्ही लावला का? "मी तुमचा वरिष्ठ म्हणून विचारत नाही. बाकावर शेजारी बसणारा माणूस म्हणून विचारतो. मला उत्तर द्या. उत्तर येईपर्यंत तुम्हाला काय लिहावं, हे मला समजणार नाही."

मी दोन पानं वाचली, तिसरं पान उलटलं आणि चौथ्यावरचा निरोप वाचला.

तुम्ही मान वर करून म्हणालात, "एवढंच? कागद तर लई दिसतेत."

"अक्षर मोठं आहे या वेळी."

"डोळे गेले असतील त्यांचे," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा तुरीत हात घातलात.

मी तेव्हा ठरवलं होतं, पुढच्या पत्राच्या सोमवारच्या आत सांगायचं. सोमवार आला. तुम्ही विहिरीबद्दल सांगितलंत, शाळेच्या भिंतीबद्दल सांगितलंत, घंटेच्या तड्याबद्दल वाईट वाटलं असं सांगितलंत. मग घसा साफ केलात. आणि मी लिहिलं की आम्ही सगळे एकाच पेल्यातून पितो. या वेळी खाली काही जोडलं नाही. साहेबांनी तिकडे ते पत्र उघडलं असेल, आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधलं असेल, आणि त्यांना तेच जुनं वाक्य मिळालं असेल, जणू तुम्ही त्यांच्या तोंडावर दार लावलंत. त्यांना दुसरं काय वाटणार?

नाताळाला त्यांचं एक कार्ड आलं, छापील. तुम्हाला ते माझ्या मदतीशिवाय वाचता आलं आणि त्याचा तुम्हाला आनंद झाला. त्यानंतर काही आलं नाही.

तुम्ही पत्रं थांबवली नाहीत. वर्षभर दर महिन्याच्या त्या सोमवारी मी लिहीत राहिले आणि तुम्ही पुलापलीकडे जात राहिलात. पोस्टमास्तर भला माणूस होता. तुम्हाला लांबून पाहूनच हात हलवायचा, "न्हाई पाळकसाहेब, आज बी काहीच आलं न्हाई." कधी तुम्ही उगाच विचारायचात, गठ्ठा पुरता पाहिला का. तो बिचारा पुन्हा पाहायचा. मग तिकडे लढाई सुरू झाली आणि तुम्हाला कारण मिळालं. बोटी बुडतात म्हणे. टपाल समुद्रात जातं म्हणे. मंडळीतही तुम्ही तसंच सांगितलंत आणि साहेबांसाठी प्रार्थना केलीत, त्यांचं गाव समुद्राजवळ आहे म्हणून. मी पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. साहेबांची पत्रं लढाईच्या आधीच थांबली होती, हे त्या चर्चमध्ये मला एकटीला माहीत होतं.

तुम्हाला विषमज्वर झाला ते लढाईचं तिसरं वर्ष. दवाखान्यातून दाई घरी यायची. सोळा दिवस तुमच्या तोंडात पाणी तिनंच घातलं, मला शाळा होती. तुम्ही तापात बडबडायचात आणि ती तुम्हाला दटावायची, "गप पडा पाळकसाहेब, हितं कुनी ऐकाया न्हाई, मंडळी घरी गेली."  बरे झाल्यावर पहिल्या रविवारी, काठी टेकत पुढे उभं राहून, पेला हातात घेऊन तुम्ही तिला नावानं हाक मारलीत. ती मागच्या भिंतीपाशी होती.

 ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आधी तुमचं होऊ द्या की. मला काय घाई न्हाई."

"मला हाय," तुम्ही म्हणालात.

वडीलजनांपैकी थोरले उठले. काठ पुसायचा रुमाल त्यांच्या हातात होता. हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, क्रम चुकला."

"आज न्हाई चुकला. इतके दिवस चुकल्ता."

त्यांनी रुमालाची घडी घातली, ती बाकावर ठेवली आणि ते बाहेर गेले. त्यांच्यामागे त्यांचं घर, मग आणखी पाच घरं. आपल्याच माणसांची. चपला शोधायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ तुम्ही पेला धरून उभे होतात. दाई पुढे आली. तिनं घोट घेतला, परत दिला, आणि जागेवर जाताना माझ्याजवळ वाकून म्हणाली, "वरचं इतकं निवळ असतं व्हय गं? आमाला इतकी वर्सं गाळच यायचा."

त्या सोमवारी तुम्ही पाटावर बसला नाहीत. उंबऱ्याला टेकून उभे राहिलात आणि मला म्हणालात, आज सावकाश घे. तुम्ही सांगितलंत, साहेब, मी तुम्हाला इतकी वर्षं अर्धं कळवत आलो. पेला एक होता, हे कळवलं. तो कुठून कुठे जातो, हे कळवलं नाही. तुम्ही गेल्यावर माझ्यानं तो उलटा फिरवणं झालं नाही, भीती होती. काल फिरवला. सहा घरं गेली. ती परत येतील की नाही, ठाऊक नाही. आता ते वाक्य तुमच्या मंडळीला पुन्हा वाचून दाखवा, या वेळी ते पुरतं खरं आहे. आणि मला माफ केलंत तर तेवढं कळवा. तुम्ही थांबत थांबत सांगत होतात आणि माझं अक्षर ओळीवर राहत नव्हतं. साहेबांच्या प्रश्नाचं, जो तुम्ही कधी ऐकलाच नव्हता, ते उत्तर होतं. एकेका शब्दाचं उत्तर.

पूल ओलांडण्याइतकी ताकद तुमच्या पायांत राहिली नव्हती, म्हणून पत्र मी घेऊन गेले. पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहिले. पोस्टमास्तरानं आतून विचारलं, "पाळकसाहेबांची तब्येत कशी काय?" बरी आहे, मी म्हटलं, आणि परत आले. तुम्ही विचारलंत, टाकलंस? मी हो म्हटलं.

त्यानंतर तुम्ही पाच वर्षं जगलात. दुसऱ्या कुठल्या पत्राची नाही, त्या पत्राच्या उत्तराची वाट पाहिलीत. सहापैकी चार घरं एकेक करून परत आली आणि मागे येऊन बसली. थोरले वडीलजन आले नाहीत. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, आता काही सबब उरली नाही, आणि तुम्ही एकदाच म्हणालात, "त्यांना राग आला असंल. बरुबर हाय त्यांचं." निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी तुम्ही गेलात. राज्य गेल्यानंतर तिकडून एक तरुण साहेब आला, त्यानं मला शोधून काढलं. जुने साहेब तो तिकडून निघण्याआधी, त्याच हिवाळ्यात वारले होते. वारण्यापूर्वी त्यांनी त्याला सांगितलं होतं, जालन्याच्या पाळकांना भेट आणि विचार की मी एक गोष्ट विचारली होती, तिचं उत्तर त्यांनी का दिलं नाही. मी रागावलेलो नाही, मला फक्त कळायला हवं. मी त्या तरुण माणसाला चहा दिला. म्हटलं, म्हातारपणी बाबांना लिहिणं जमत नव्हतं. ते पत्र तेव्हा आतल्या खोलीत होतं, तुमच्या सहीसकट. आजही माझ्याजवळ आहे.

मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले की भीतीमुळे टाकलं नाही. साहेब उत्तरात आपल्या प्रश्नाचा उल्लेख करतील, मग मी जोडलेलं वाक्य आणि लपवलेलं पान उघडं पडेल. पण हे कारण टिकत नाही, बाबा. उत्तर आलं असतं तरी ते मीच वाचून दाखवणार होते. एक पान गाळलं होतं, आणखी चार ओळी गाळता आल्या असत्या. मला कसलाच धोका नव्हता.

साहेबांची पत्रं येत होती तेव्हा तुमच्या मनातलं सगळं त्या कागदांवर जायचं आणि कागद मिटला की तुम्ही उठायचात. पत्रं थांबली, आणि दुसऱ्या वर्षी केव्हातरी, मी भाकऱ्या करत असताना, तुम्ही आपणहून बोलायला लागलात. प्रत्येक उपदेशाआधी तुम्हाला पळून जावंसं वाटायचं, हे सांगितलंत. धावडा गावाच्या रस्त्यावर तुम्हाला लोकांनी शेण मारलं होतं आणि ते धुताना तुम्हाला हसू आलं होतं, हे सांगितलंत. आईबद्दल सांगितलंत. मी वळून पाहत नव्हते, पाहिलं तर तुम्ही थांबाल असं वाटायचं. पोस्टाच्या पेटीपाशी मला एवढंच दिसलं की हे पत्र गेलं तर उत्तर येईल, आणि उत्तर आलं की तुम्ही पुन्हा सगळं साहेबांना सांगायला लागाल.

मला ते स्वयंपाकघरातच राहायला हवं होतं. म्हणून मी परत आले.